उपकारस्तुतीबद्दल, तुझ्या रागाला उत्तर

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

नोकरी गेल्यापासून ‘देवाचे आभार मान’ म्हणणाऱ्यांचा तुला संताप येतो, हे मोकळेपणी लिहिलंस ते बरं केलंस. दुःखावर हसरा मुखवटा चढवायला सांगणारे मलाही सोसवत नाहीत. पण शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, उपकारस्तुती तशी नाहीच. स्तोत्र 13 काढून बघ. पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा ‘कोठवर’ विचारतो आणि सहाव्या वचनात परमेश्वराचे उपकार गातो. मधल्या काळात त्याची अडचण सुटली, असं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून आधी तक्रार कर, पोटभर कर. तीही प्रार्थनाच आहे.

आणि प्रभुभोजनाच्या वेळी आपण काय ऐकतो? ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आलं, त्याच रात्री त्याने भाकर घेऊन आभार मानले. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला ठाऊक होतं. मला तरी याच्यापुढे वाद घालता येत नाही.

लूक 17 मधल्या दहा कुष्ठरोग्यांवरचे उपदेश आपण लहानपणापासून ऐकले: दहाही बरे झाले, पण आभार मानायला एक शोमरोनी, म्हणजे परका माणूस, तेवढा परतला. त्या नऊ जणांना उगाच झोडपतात असं मला वाटतं. याजकांकडे जा, असं येशूनेच सांगितलं होतं आणि ते निघाले होते. तो शोमरोनी मात्र वाटेतूनच मागे वळला. आभार मानण्याची रोजची सवय म्हणजे मला हे वळणंच वाटतं, कारण कामं तर सगळी रास्तच असतात आणि त्यांतच दिवस सरतो.

मी झोपण्यापूर्वी दिवसभरातले उपकार आठवतो. ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ असं मोघम म्हणत नाही. कोण काय बोललं, कुठलं काम निभावलं, ते नावानिशी सांगतो. येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी 16व्या शतकात आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली, तिच्यातही पहिली पायरी आभारांची आहे, पापांची झाडाझडती नंतर. हा क्रम मला फार आवडतो. दिवसभर सांभाळणारा कोण हे आधी आठवलं, की स्वतःच्या चुका त्याच्यासमोर मांडायला भीती वाटत नाही. काही रात्री मात्र काहीच सुचत नाही. तेव्हा स्तोत्र 103 मोठ्याने वाचतो आणि झोपतो. ओढूनताणून भावना आणत नाही.

तू एवढ्यात आभारांची वही वगैरे घालू नकोस. आज स्तोत्र 13 वाच, आणि पाचव्या वचनापर्यंतच जीव पोहोचला तर तिथेच थांब. मुलाखतीचं काय झालं ते कळव. घरी सर्वांना सलाम.

तुझाच मित्र