मानसशास्त्र साडेअकराला, कॉम्प्युटरही साडेअकरालाच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर हिशेब लिहितो. वडील अण्णा, तेही मुनीमच होते. तीन वर्षांखाली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली, उजवा हात गेला आणि बोलणेही गेले. ऐकलेले सगळे समजते, पण पाणी मागायचे तर तोंडातून ‘चावी’ येते. चूक त्यांची त्यांना कळते, मग कपाळावर हात मारून घेतात.

एकदा माझी मुलगी त्यांच्या बाजेशी बसून गणिते सोडवत होती. सहज पुटपुटली, ‘एकोणतीस एके एकोणतीस’. तर अण्णा तिथून जे सुटले, ते ‘एकोणतीस दाहे दोनशे नव्वद’ला जाऊन थांबले. एक अक्षर अडखळले नाही. ज्याला पाणी म्हणता येत नाही त्याला पाढा येतो कसा? आम्ही चमत्कार म्हणून पेढे वाटायच्या तयारीत होतो. पोरगी मात्र कारण शोधायचेच म्हणून हटून बसली. दवाखान्यात वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी तिला सांगितले, की पाढे, वारांची नावे अशी पाठ झालेली माळ मेंदूत वेगळ्या वाटेने येते. मनातला शब्द शोधून काढणे हे निराळे काम. पॅरिसच्या ब्रोका नावाच्या डॉक्टरने 1861 मध्येच असा एक रोगी नोंदवून ठेवला होता, त्याला ‘तान’ एवढेच बोलता यायचे.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच विषय आहे : कॉग्निटिव्ह सायन्स. मराठीत बोधविज्ञान म्हणतात, म्हणजे माणूस विचार कसा करतो, बोलतो कसा, लक्षात कसे ठेवतो, याचा मानसशास्त्र, भाषाशास्त्र, कॉम्प्युटर असे विषय जोडून केलेला अभ्यास. यंदा ती बारावी झाली, जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घेऊन. आमच्या गावात बारावी सायन्सचे पोर म्हणजे एक तर नीट, नाही तर जेईई. पाहुणे विचारतात, “हे काय असतंय? ह्याला नोकरी कुठं लागतीय?” मीही आधी तेच विचारले होते.

चौकशी केल्यावर एवढे कळले, की आपल्याकडे हा विषय मुख्यतः एम.एस्सी.ला आहे. अलाहाबाद विद्यापीठात आहे, आयआयटी गांधीनगरला आहे. गांधीनगरला तर कला, विज्ञान, अभियांत्रिकी, कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठात याचा स्वतंत्र विभाग 1986 पासून आहे, पण तो आमच्या खिशातला विषय नाही. म्हणजे पदवीची तीन-चार वर्षे इथेच आणि आपली आपण जुळवायची. मुलीने वहीत मांडलेही : मेजर म्हणजे मुख्य विषय कॉम्प्युटर सायन्स, मायनर म्हणजे जोडविषय मानसशास्त्र, संख्याशास्त्र जमेल तिथे, भाषाशास्त्र घरी वाचून. आडतीतल्या माणसालाही पटेल असा हिशेब आहे.

आणि इथेच गाडी अडली. नव्या शैक्षणिक धोरणात मायनर दुसऱ्या विद्याशाखेतूनही घेता येते, शासनाच्या 2023 च्या निर्णयात तसे आहे. प्रवेशाच्या खिडकीवर मात्र उत्तर मिळाले, “सायकॉलॉजी आर्ट्सला, कॉम्प्युटर सायन्सला. दोन्हीचे तास साडेअकराला. बॉटनी घ्या, ती बसती.” कॉलेजचे नाव लिहीत नाही, कारण शेजारच्या दोन कॉलेजांतही हेच ऐकले. मानसशास्त्राचा वर्ग त्याच इमारतीत, एक जिना चढून. विद्यार्थी कमी म्हणून तिथले मास्तर वर्गासाठी पोरे शोधत फिरतात!

11 सप्टेंबर 1956 रोजी अमेरिकेत एमआयटीच्या एका परिषदेत भाषेचा चॉम्स्की, मानसशास्त्राचा मिलर आणि कॉम्प्युटरवाले न्यूवेल व सायमन एकत्र आले, तो दिवस या विषयाचा जन्मदिवस धरतात. आमच्या वेळापत्रकात ते चौघे भेटलेच नसते.

हे काही परदेशी फॅड नव्हे. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला. मीही मोंढ्यात बसून हसलो होतो. पण आकडा लिहिताना आधी दोन, मग एक, आणि बोलताना आधी एक, मग वीस. याने सात वर्षांच्या पोराचा गोंधळ होतो का, किती, आणि कशाने कमी होतो, हे शोधायला मराठी बोलणारीच माणसे लागणार. अण्णांसारख्यांना शब्द परत शिकवण्याचे मराठी साहित्य करायलाही.

माझे मागणे मोठे नाही. नवा विभाग नको, इमारत नको. विद्यापीठाने संलग्न कॉलेजांना एवढेच कळवावे, की मायनरचे सगळे तास सकाळी आठ ते साडेनऊ या एकाच पट्ट्यात ठेवा, म्हणजे आर्ट्सचे पोर सायन्सकडे आणि सायन्सचे आर्ट्सकडे जाऊ शकेल. एका कॉलेजात विषय नसेल तर शेजारच्या कॉलेजात बसू द्या. रिक्षाचे वीस रुपये आम्ही देऊ.

अर्ज आवकला देऊन पोच घेतली आहे. मायनर भरायला आठ दिवस उरलेत. तोवर मुलगी रोज संध्याकाळी अण्णांना पाढे आणि जुनी पाव-अर्ध्याची पावकी-निमकी म्हणायला लावते आणि मध्येच थांबवून, पेला दाखवून विचारते, “आबा, हे काय?” परवा ते ‘पा…’पर्यंत आले. आम्ही सगळे श्वास धरून उभे. मग अण्णा म्हणाले, “पावकी.”

आपला,
एक मुनीम, मोंढा, लातूर