मुंबई आंदण का दिली, ते नकाशात दिसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला स्पेन-पोर्तुगाल सहलीवरचा लेख वाचला. बाजारांचे आणि खाण्यापिण्याचे वर्णन आवडले. पण 'पोर्तुगाल म्हणजे स्पेनचीच पश्चिमेकडची पट्टी' हे वाक्य वाचून गप्प बसवेना. मी वसईत ३१ वर्षे भूगोल शिकवला आहे.

वर्गात मी मुलांकडून शाडूचे दोन उठावाचे नकाशे करून घेत असे, एक दख्खनच्या पठाराचा आणि दुसरा स्पेन-पोर्तुगाल ज्यावर वसले आहेत त्या आयबेरियन द्वीपकल्पाचा. दोन्हींवर तांब्याने पाणी ओतायचे. आपले पठार पूर्वेकडे कललेले, म्हणून अरबी समुद्राच्या इतक्या जवळ त्र्यंबकला उगम पावणारी गोदावरी थेट बंगालच्या उपसागराला जाते. स्पेनचे मेसेता पठार उलट, पश्चिमेकडे कललेले. दुएरो, ताहो आणि ग्वादियाना या तिन्ही नद्या स्पेनमध्ये उगम पावून अटलांटिकला मिळतात. दुएरोचे मुख पोर्तोला, ताहोचे लिस्बनला. उगम एका देशात, मुख दुसऱ्यात! दुष्काळी वर्षात वरच्या देशाने खाली किती पाणी सोडायचे, यासाठी दोघांना १९९८ मध्ये अल्बुफेरा येथे करार करावा लागला. कृष्णेच्या पाण्याचे तंटे पाहिलेल्या आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

उत्तरेला पिरेनीजच्या रांगा या द्वीपकल्पाला फ्रान्सपासून तोडतात. त्या डोंगरांत चिमुकला अँडोरा आहे, दक्षिण टोकाला ब्रिटिशांच्या ताब्यातले जिब्राल्टर. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यामध्ये मात्र पिरेनीजसारखी भिंत नाही. दुएरोने कोरलेली खोल घळई १०० किलोमीटरहून अधिक अंतर सीमा म्हणून चालते. बाकी बऱ्याच ठिकाणी नुसते माळ आणि छोट्या नद्या. तरीही १२९७ च्या अल्कानिसेस कराराने आखलेली ही सीमा, ओलिवेंझा या सीमेवरच्या गावासारखा एखादा वाद सोडला तर, आजही जवळपास तीच आहे. युरोपातल्या सर्वांत जुन्या सीमांपैकी ती एक. अशा देशाला पट्टी कसे म्हणायचे?

हा देश एकदा गिळला गेला होता, हेही खरे. १५८० मध्ये गादीला वारस उरला नाही आणि स्पेनचा राजा दुसरा फिलिप पोर्तुगालचाही राजा झाला. पुढची ६० वर्षे आमच्या वसईच्या किल्ल्यावर अंमल पोर्तुगीजांचा, पण त्यांचा राजा स्पेनचा. किल्ला दाखवायला नेले की मी हे मुलांना तटावर उभे करून सांगायची. १ डिसेंबर १६४० ला लिस्बनने बंड केले आणि ब्रागांझाचा ड्यूक चौथा जुआंव म्हणून गादीवर बसला. त्या दिवसाची पोर्तुगालमध्ये आजही सुट्टी असते.

स्पेनने हे मान्य केले नाही. १६५९ मध्ये त्याचा फ्रान्सशी तह झाला, हात मोकळे झाले आणि सगळा रोख पोर्तुगालवर आला. शेजारी बलाढ्य, पाठीशी समुद्र. मदत समुद्रावरूनच येणार होती. म्हणून जुआंवची मुलगी कॅथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली. १६६१ च्या त्या विवाह-करारात इंग्लंडने सैन्य आणि जहाजे देण्याचे कबूल केले, आणि आंदणात मुंबई गेली. आंदणाची गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. ते कशापायी द्यावे लागले, हे कुणी सांगत नाही. मला याची फार खंत वाटते. १६६८ मध्ये स्पेनने अखेर पोर्तुगालचे स्वातंत्र्य मान्य केले. त्याच वर्षी चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली. ही दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिली की वर्ग शांत व्हायचा. एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले होते, "बाई, म्हणजे स्पेन शेजारी नसता तर मुंबई पोर्तुगीजांकडेच राहिली असती?" मी तिला म्हटले, नक्की सांगता येत नाही, पण प्रश्न वहीत लिहून ठेव.

आपणास विनंती एवढीच की लेखाचा पुढचा भाग येईल तेव्हा सोबत द्वीपकल्पाचा नकाशा छापावा. सीमारेषा ठळक असावी, आणि नद्यांची नावे दोन्ही भाषांत द्यावीत: स्पेनमधली ताहो लिस्बनला पोचते तेव्हा तेजो झालेली असते.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, वसई