फुग्यांचं माप विचारलंस म्हणून

बाय,

काल फोनवर तू फुग्यांचं, म्हणजे आपल्या ईस्टरच्या तळलेल्या गोल पावांचं, माप विचारलंस आणि मला काही सुचेचना, कारण आजीने मला कधी माप दिलंच नाही, ती सगळं अंदाजानेच करायची. तरी लिहिते. अर्धा किलो मैदा, दोन अंडी, चार चमचे साखर, मीठ, थोडं यीस्ट आणि नारळाचं घट्ट दूध, पाणी शक्यतो नकोच. आजीच्या वेळी यीस्ट कुठलं, ताडी घालायचे, त्याची चवच वेगळी. पीठ चपातीसारखं मळू नको, सैल ठेव आणि हाताने आपटून आपटून फेट. मग ओल्या मुठीत घेऊन अंगठ्यापाशी दाबलं की गोळा सुटतो तो तेलात, गोल झाला तर स्वतःच पलटतो.

फुगायला वेळ किती म्हणशील तर इथे वसईत एप्रिलच्या उकाड्यात पीठ बघता बघता वर येतं, तुझ्या डब्लिनच्या थंडीत हीटरजवळ ठेवावं लागेल. एका वर्षी मी पीठ भिजवून ईस्टरच्या आदल्या शनिवारी चर्चमध्ये रात्रीच्या मिस्साला गेले, आता अग्नी, पास्काची मेणबत्ती, एवढी वाचनं, त्यात कोणाचा तरी बाप्तिस्मा, घरी येऊन बघते तर पीठ टोपाबाहेर आणि आंबटढाण! पपा बिचारे दोन दिवस ते फुगे इंदियालात, मटणाच्या त्या आंबट-तिखट रश्श्यात, बुडवून खात होते, एक शब्द बोलले नाहीत.

मार्झिपॅनची अंडी पण करतेय. काजूची पूड, पिठीसाखर, अंड्याचा पांढरा भाग, गुलाबपाणी, मंद आचेवर कढई सोडेपर्यंत हलवायचं. साच्यातून अर्धी अर्धी काढून चिकटवायची आणि वर आयसिंगची फुलं, ती तू छान करायचीस, माझी कोबीसारखी होतात. शेजारच्या काकू अंडं खात नाहीत, त्यांच्यासाठी थोडं बिनअंड्याचं वेगळं.

यंदा ईस्टर ५ एप्रिलला, म्हणजे पाडवा ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातच आला. काकूंनी पुरणपोळ्या पाठवल्या आणि इकडे पपांनी उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून गोड सोडलेलं. चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, खा म्हटलं, तर नाही. त्यांच्या वाटणीच्या दोन फ्रीझरमध्ये ठेवल्यात, रोज एकदा उघडून बघतात आहेत ना ते.

फुग्यांसाठी नारळाचं दूध टिनचं घेतलंस तर आधी चाखून बघ, गोड असेल तर साखर कमी घाल.

तुझी आय