शेगडी जाते, तिच्याबरोबर तिची माहितीही जाते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत, अमेरिकेतील हौशी संग्राहक जुन्या आणि दुर्मीळ कोळशाच्या ग्रिल कशा शोधून काढतात याविषयी आलेला मजकूर मी दोनदा वाचला. ग्रिल म्हणजे शेवटी जाळीची शेगडीच. मी आर्वी तालुक्यातील एका खेड्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आहे आणि आमच्या भागातून जुन्या शेगड्या, पाणी तापवायचे तांब्याचे बंब आणि कोळशाच्या इस्त्र्या टेम्पोत भरून जाताना गेली काही वर्षे पाहते आहे. त्यामुळे हा विषय मला दूरदेशीचा वाटला नाही, आणि त्यातील एका मुद्द्याकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

त्या संग्राहकांचे मला सर्वांत कौतुक वाटले ते त्यांच्या ओळखण्याच्या पद्धतीचे. शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात काम करणारे जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये, पाण्यावर तरंगणारे बोये तयार करण्यासाठी वापरला जाणारा धातूचा गोल मधोमध कापून त्याला पाय लावले, वर घुमटाकार झाकण बसवले आणि वारापावसातही विस्तव टिकून राहील अशी ग्रिल घडवली. आज तिच्या जुन्या नगाचे वय ठरवायचे असेल, तर संग्राहक झाकणावरच्या हवेच्या झडपेवर उमटवलेले अक्षर पाहतात, मिन्याचा (एनॅमलचा) रंग पाहतात, दांडा आणि पाय कसे जोडले आहेत ते पाहतात आणि जुन्या जाहिरातींशी ताडून बघतात. त्याआधीच्या, १९४८ पासून ओक्लाहोमातील टल्सा येथे बनू लागलेल्या हेस्टी-बेक ग्रिलचीही गोष्ट तशीच आहे. तेथे कोळसासुद्धा कारखान्यातूनच आला. हेन्री फोर्ड यांच्या मोटारींसाठी लाकूड कापताना उरणाऱ्या तुकड्यांपासून दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या १९२० च्या दशकात बनू लागल्या आणि त्या फोर्डच्या मोटारविक्रेत्यांकडे विकल्या जात. अशा वस्तूवर कारखान्याचे नाव असते, तिची कागदपत्रे कोठेतरी जपलेली असतात, आणि ती दहा हात फिरून आली तरी तिची ओळख तिच्या अंगावरच राहते.

आमच्या शेगडीच्या अंगावर असे काही लिहिलेले नसते. ती गावच्या किंवा आठवडी बाजारातल्या लोहाराने घडवलेली असते, नाही तर घरच्याच बाईने रिकाम्या डब्याला आतून माती लिंपून केलेली असते. ती केव्हा केली, कोणी केली, तिच्यावर काय शिजले, हे त्या घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसालाच ठाऊक असते. म्हणून अमेरिकेतला संग्राहक मालकाशी न बोलता ग्रिल घेऊन गेला तरी फारसे बिघडत नाही, पण आपल्याकडच्या संग्राहकाने दारातल्या आजीशी न बोलता शेगडी उचलली, तर तिच्याविषयीचा एकमेव पुरावा त्याने मागे सोडलेला असतो आणि तो फार काळ टिकणारा नसतो.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते आहे. आमच्या घरी सासूबाईंच्या काळापासून एक बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, शेगडी होती. तिचा एक पाय तुटला होता. बीड ठिसूळ असते, त्याला साधे वेल्डिंग नीट लागत नाही, म्हणून आमच्या गावच्या लोहाराने दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी देऊन, रिबिटा (रिव्हेट) ठोकून तो पाय जोडला होता. ही दुरुस्ती माझ्या लग्नाच्या वर्षी झाली, एवढे मला पक्के आठवते, कारण लग्नाच्या कामात ती शेगडी सतत लागत होती आणि लोहाराने ती एका दुपारीत करून दिली होती. पुढे गॅस आला, शेगडी गोठ्यात गेली, आणि चार वर्षांपूर्वी जुने सामान घेणारा एक व्यापारी आला तेव्हा मी ती मोडीच्या भावाने देऊन टाकली. त्याने काही विचारले नाही आणि मीही काही सांगितले नाही. दोन वर्षांनी नागपुरात जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मला तीच शेगडी दिसली. तोंडाजवळच्या टवक्यावरून मी ती ओळखली. तिला घासून काळा चकचकीत रंग दिला होता, पट्टीचा पाय काढून तेथे नवा ओतीव पाय बसवला होता, आणि गळ्यात ‘ब्रिटिशकालीन’ अशी चिठ्ठी होती. तिची किंमत पाहून मला वाईट वाटले नाही, कारण मी विकली ती माझ्या मर्जीने. वाईट वाटले ते त्या पट्टीचे. आमच्या लोहाराच्या हातची तेवढीच एक खूण त्या शेगडीवर होती, आणि ती दोष समजून काढून टाकण्यात आली होती.

जुनी शेगडी वाचता येते, पण त्यासाठी ती आहे तशी राहिली पाहिजे. जुन्या पत्र्याच्या शेगडीचे सांधे रिबिटांचे असतात, तर वेल्डिंग दिसले की ते बहुधा वीज आल्यानंतरचे, हे आमच्याकडचा कोणताही जाणता माणूस सांगेल. डब्याच्या शेगडीत तर याहून नेमका धागा सापडू शकतो. रॉकेलच्या रिकाम्या डब्यांवर कंपनीचे नाव असे, आणि लिंपण निघालेल्या जागी ते कधी कधी अजून वाचता येते. बर्मा शेल ही कंपनी भारतात १९२८ मध्ये स्थापन झाली आणि १९७६ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली, म्हणून ते नाव असलेला डबा या दोन सालांच्या मधला, आणि शेगडी त्या डब्यानंतरची, इतके तरी निश्चित म्हणता येते. वाळूचा मारा करून पत्रा लख्ख केला की ते नाव गेले. लिंपणही बोलते. आमची काळी माती सुकताना भेगाळते, म्हणून चूल आणि शेगडी लिंपायला बायका गावठाणातली पांढरी माती किंवा नाल्याकाठची लाल माती मुद्दाम आणत आणि तिच्यात शेण व गव्हाचा भुसा कालवत. अशा शेगडीतील मातीचा थर उकरून टाकणे म्हणजे तिची अर्धी हकीकत उकिरड्यावर टाकणे होय.

कोळशाचाही फरक पडतो. लाकडाचा लोणारी कोळसा हलका असतो आणि लवकर फुलतो, त्यामुळे त्याच्या शेगडीचे पोट उथळ असले तरी चालते. दगडी कोळशाला खोल पोट, जाड सळ्यांची जाळी आणि खालून हवेचे मोठे तोंड लागते. विदर्भात दगडी कोळसा नवा नाही. वरोऱ्याची खाण एकोणिसाव्या शतकातली, आणि वर्ध्याहून तिकडे रेल्वेचा फाटा गेला तो त्या कोळशासाठीच. पुढे बल्लारपूर, वणी, घुग्घुस, उमरेड या भागांत घरोघरी ‘सिगडी’ पेटली ती याच कोळशावर. आमच्या आर्वीकडे मात्र लोणारी कोळसा, शेतातल्या तुराट्या-पऱ्हाट्या (तुरीच्या आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्या) आणि गोवऱ्या. रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, तर आजही गोवऱ्यांच्या विस्तवातच भाजतात, त्यांना शेगडी लागत नाही. म्हणजे केवळ पोटाच्या खोलीवरून एखादी शेगडी चंद्रपूरकडची की वर्ध्याकडची याचा अंदाज बांधता येऊ शकतो, आणि तो बरोबर की चूक हे ती ज्या घरातून निघाली त्या घराचे नाव नोंदलेले असेल तरच तपासता येते.

आणखी एक शेगडी कोणाच्या संग्रहात मी पाहिलेली नाही, ती म्हणजे बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवायची बुटकी, रुंद तोंडाची शेगडी. तिच्यावर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाच्या साली टाकून धुरी देत. ती बहुतेक घरांत मातीची असे, काम झाले की बाजूला पडे आणि फुटे, म्हणून तिची किंमत कोणी केली नाही. जपानमध्ये भात शिजवण्याचे असेच मातीचे भांडे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी ते मायदेशी नेले, त्याच घडणीवरून १९७४ मध्ये अटलांटा येथे ‘बिग ग्रीन एग’ नावाची भट्टी विकायला आली, आणि आज त्या जातीच्या जुन्या भट्ट्याही शोधल्या जातात. मातीच्या वस्तूला मोल येते ते कोणीतरी ती नीट पाहिल्यावर. आपल्या बायकांनी घडवलेल्या शेगड्यांना तसे पाहणारे डोळे अजून मिळायचे आहेत.

एक धोक्याची सूचनाही येथेच देते, कारण जुनी शेगडी दिवाणखान्यात पेटवून पाहुण्यांना कबाब खाऊ घालण्याची हौस वाढते आहे असे ऐकते. पूर्वी शेगडी अंगणात पेटवून, कोळसा पूर्ण फुलल्यावरच आत नेत, आणि तरीही दारे-खिडक्या उघड्या ठेवत. फुललेल्या कोळशाला धूर नसला तरी त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, आणि बंद खोलीत झोपेतच माणसे जातात. शेगडी संग्रहात ठेवावी, आणि पेटवायचीच असेल तर उघड्यावर. त्याचप्रमाणे, या वस्तू जपा असे म्हणताना त्या पुन्हा वापरात आणा असे मी मुळीच म्हणत नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि आमच्या गल्लीतल्या ज्या बायकांचे डोळे धुराने वाहत असत त्यांच्या घरी सिलिंडर पोहोचले, याचा मला मनापासून आनंद आहे.

कायद्याची बाजूही व्यापाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी समजून घ्यावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, गतकाळची कला, कारागिरी किंवा चालीरीती दाखवणारी वस्तू ही पुरावस्तू ठरू शकते. तिचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘ब्रिटिशकालीन’ अशी चिठ्ठी लावणाऱ्याने आपण नेमके काय म्हणतो आहोत याचा विचार केला पाहिजे. वस्तू खरोखर शंभर वर्षांची असेल तर ती या कायद्याखाली येऊ शकते, आणि ती १९४७ नंतरची असेल तर ती चिठ्ठी गिऱ्हाइकाची फसवणूक करणारी आहे.

संग्राहकांविषयी माझ्या मनात राग नाही, उलट आदर आहे. पुण्याचे दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी गोळा करायला सुरुवात केली नसती, तर आज महाराष्ट्राकडे राजा केळकर संग्रहालय नसते. विदर्भातही जागा आहेत. नागपूरचे ‘अजब बंगला’ नावाने ओळखले जाणारे संग्रहालय १८६३ पासून आहे. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन डिसेंबर १९३८ मध्ये गांधीजींनी केले आणि ते ग्रामोद्योगांसाठीच उभे राहिले. धूर घराबाहेर नेणाऱ्या मगन चुलीचे नाव, हे संग्रहालय जेथे आहे त्या मगनवाडीशी जोडलेले आहे. चुलीचा इतका विचार जेथे झाला, तेथे विदर्भातील चुली आणि शेगड्यांचे, त्यांच्या घरांच्या आणि कारागिरांच्या नोंदींसह, एक दालन असावे, अशी माझी विनंती आहे. संग्राहकांना माझे सांगणे एवढेच की, पैसे देण्याआधी दहा मिनिटे ओट्यावर बसा. शेगडी कोणाची, कोणी केली, कोळसा कोणता वापरत आणि तिच्यावर काय करत, हे विचारून कागदावर उतरवा आणि तो कागद शेगडीबरोबर ठेवा. दुरुस्तीला हात लावू नका. घासू नका.

माझ्या बाजूने मी काम सुरू केले आहे. शाळेतल्या सातवीच्या मुलांना घेऊन आम्ही गावात घरोघरी फिरलो आणि एका वहीत चाळीस पाने भरली. पहिल्या पानावर मी माझी विकलेली शेगडी लिहिली आहे, तुटक्या पायासकट. ज्या लोहाराने तो पाय जोडला ते आता नाहीत, पण त्यांचा मुलगा आठवडी बाजारात विळे-पावशींना धार लावतो आणि वडील बीड कोठून आणत हे त्याला ठाऊक आहे. येत्या बाजाराच्या दिवशी त्याच्याशी बोलायचे ठरले आहे. आर्वी, कारंजा आणि आष्टी या तालुक्यांतून ज्या कोणी शेगड्या नेल्या असतील त्यांनी आपल्या दैनिकामार्फत फक्त गावाचे नाव आणि शेगडीचे एक छायाचित्र कळवावे. त्या गावात जाऊन बाकीचे विचारून आणण्याची माझी तयारी आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. आर्वी, जि. वर्धा