कार्डावरचा '१४०' नेमका कशाचा? तीन मेमरी कार्डांबाबत तक्रार

डिचोली, गोवा
दि. २१ जुलै २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : १४ जून रोजी मागवलेली तीन मेमरी कार्डे चुकीचा सल्ला देऊन विकल्याबाबत.

महोदय,

डिचोलीच्या बाजारात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, जत्रा, दशावतारी काले, शाळांची स्नेहसंमेलनं, गेली बावीस वर्षं हेच काम करतो. तुमच्या संकेतस्थळावरून १४ जूनला मी तीन मेमरी कार्डं मागवली. माझ्या मिररलेस कॅमेऱ्यासाठी १२८ जीबीचं एसडी, मेव्हण्याच्या टॅक्सीतल्या डॅशकॅमसाठी ६४ जीबीचं मायक्रो एसडी आणि काकांच्या जुन्या कॅमेऱ्यासाठी ६४ जीबीचं एसडी. मिळून २,९४७ रुपये झाले. पैसे भरण्याआधी मी तुमच्या चॅटवर तिन्ही उपकरणांची मॉडेलं लिहून विचारलं होतं की यांना ही कार्डं चालतील का. तिन्ही वेळा उत्तर आलं, "येस सर, १०० टक्के कम्पॅटिबल." त्या संभाषणाचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

तिन्ही चुकीची निघाली. नुसतं अंदाजाने सांगितलं असतं तरी एखादं बरोबर आलं असतं.

आधी मोठ्या नुकसानीचं सांगतो. ७ जुलैला, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकालो होता. तुमचं कार्यालय गोव्याबाहेर आहे, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. अंगाला तेल चोपडून पोरंटोरं, बाप्ये सगळे पावसाने भिजलेल्या मैदानात उतरतात, चिखलात खेळतात, लोळतात, एकमेकांना लोळवतात आणि शेवटी दहीहंडी फुटते. लग्नात आम्ही फोटोग्राफर लोक नवरा-नवरीला हार दोनदा घालायला लावतो. इथे तसलं काही चालत नाही. एकदा फुटलेली हंडी पुन्हा फुटते ती पुढच्या आषाढात.

मूळचे माशेलचे, पण आता मुंबईला असलेले एक गृहस्थ माझे जुने गिऱ्हाईक. यंदा त्यांचा नातू पहिल्यांदा काल्यात उतरणार होता. गुडघ्यांमुळे त्यांना स्वतःला येता येत नव्हतं. त्यांनी फोनवर एकच गोष्ट बजावली होती : हंडीचं चित्रीकरण सलग हवं, मध्ये कुठे तोडायचं नाही.

सकाळपासून मी छोटे छोटे तुकडे घेत होतो, तोवर कार्डाने निभावून नेलं. हंडीच्या वेळी कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, वरून प्लास्टिकची पिशवी बांधली, छत्री धरायला दुकानातला पोरगा उभा केला आणि बटण दाबलं. चारेक मिनिटं झाली असतील. पडद्यावरचा लाल ठिपका गेला आणि सूचना आली की कार्डाचा लिहिण्याचा वेग पुरत नाही, रेकॉर्डिंग थांबवलं आहे. पुन्हा बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात पुन्हा तेच. छत्रीवाल्या पोराने विचारलं, "कितें जालें?" त्याला उत्तर देईपर्यंत हंडी फुटली होती. माझ्याकडे जे आहे त्यात नातू चिखलाने माखलेला पाय खालच्याच्या खांद्यावर ठेवतो आहे, इतकंच. त्यानंतर एकदम दह्याने पांढरी झालेली तोंडं. मधलं काहीच नाही. गृहस्थांचे आगाऊ घेतलेले ५,००० रुपये मी दुसऱ्याच दिवशी परत केले. ते बिचारे रागावलेही नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं.

घरी आल्यावर पहिला संशय आला तो कार्ड नकली असल्याचा. बाजारात अशी कार्डं मिळतात, ज्यांच्यावर १२८ लिहिलेलं असतं, संगणकालाही १२८च दिसतात आणि आत जागा जेमतेम ८ किंवा १६ जीबीची असते. म्हणून कार्ड संगणकाला लावून ते काठोकाठ भरून तपासणारा प्रोग्रॅम चालवला. नुसतं भरायलाच जवळजवळ दोन तास लागले. कार्ड अस्सल निघालं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. संगणक १२८ ऐवजी ११९ दाखवतो, त्याबद्दलही माझी तक्रार नाही. तुम्ही हजाराच्या पटीत मोजता, संगणक १०२४ च्या, एवढाच तो फरक. पण त्या दोन तासांत वेग दिसत होता. सुरुवातीला सेकंदाला चाळीसेक एमबी, आणि काही जीबी भरल्यावर घसरत घसरत अठरावर येऊन बसला तो शेवटपर्यंत.

माझा कॅमेरा मी ठेवतो त्या दर्जाच्या फोरके चित्रीकरणाला सेकंदाला २०० मेगाबिट लिहितो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे २५ एमबी. अठराचं कार्ड पंचवीसच्या कॅमेऱ्याला पुरणार नाही, हे चौथीतलं पोरही सांगेल.

तुमच्या कार्डाच्या पाकिटावर मात्र ठळक लाल अक्षरांत '१४०' आहे आणि त्याखाली 'फोरके व्हिडिओसाठी उत्तम'. हा १४० कार्डातून माहिती वाचण्याचा वेग आहे, तोही 'पर्यंत' या बारीक शब्दासह. म्हणजे घरी येऊन फोटो संगणकावर उतरवतानाचा. कॅमेऱ्याला गरज असते ती लिहिण्याच्या वेगाची, आणि तो आकडा तुमच्या पानावर कुठेच नाही. दिवाडीच्या धक्क्यावर फेरीबोट रिकामी व्हायला दोन मिनिटं लागतात म्हणून भरायलाही दोनच लागतील, असं तिथला कोणी सांगणार नाही. तुम्ही गिऱ्हाइकाला नेमकं तेच सांगता आहात.

हवी ती माहिती खरं तर कार्डावरच असते, पण खुणांत. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १० असेल तर सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी. यू अक्षराच्या पोटात १ असेल तरी १०च, आणि ३ असेल तर ३०. व्ही पुढचा आकडा तर सरळच, व्ही३० म्हणजे किमान ३०, व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०. ही किमान हमी, लांबलचक चित्रीकरण सुरू असतानाचीसुद्धा. माझ्या कार्डावर सी१०, यू१ आणि व्ही१० अशा तीन खुणा आहेत. तीन खुणा बघून कार्ड भारी वाटतं, पण तिन्ही एकच गोष्ट सांगतात, दहा. मला किमान व्ही३० हवं होतं.

इथे माझीही चूक आहे. बावीस वर्षं धंद्यात असलेल्या माणसाने यू अक्षराच्या पोटातला १ बघायला हवा होता. शिवाय त्या दिवशी कॅमेरा १०० मेगाबिटवर ठेवला असता तर साडेबारा एमबीत भागलं असतं आणि याच कार्डाने बहुधा हंडी पार पाडली असती. पण मी कॅमेऱ्याचं मॉडेल आणि '२०० मेगाबिट, फोरके' असं स्पष्ट लिहून तुम्हाला विचारलं होतं, आणि तुमच्या माणसाने होकार दिला होता.

८ जुलैला मी ईमेल केली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं ते शब्दशः देतो : "सर, आपल्या कॅमेऱ्याला २०० स्पीड लागतो आणि आमचं कार्ड १४० चं आहे, त्यामुळे रेकॉर्डिंग थांबलं. कार्डात दोष नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." एकाच वाक्यात बिट आणि बाइट एक केले, वाचण्याचा वेग आणि लिहिण्याचा वेग एक केला, आणि 'फोरकेसाठी उत्तम' हे तुमचंच वाक्यही खोडून काढलं. मी दुकानात बसून ते तीनदा वाचलं. आमच्याकडे काजू घ्यायला येणारे काही पर्यटक डब्ल्यू १८० पेक्षा डब्ल्यू ३२० मागतात, आकडा मोठा म्हणून. मुळात तो आकडा एका पौंडात किती गर बसतात त्याचा, त्यामुळे ३२० चा काजू लहान. पण निदान काजूवाला त्यांना खरं काय ते सांगतो.

त्याच ईमेलमध्ये मला सेकंदाला ३०० एमबी वेगाचं महागडं कार्ड १० टक्के सवलतीत घेण्याचं सुचवलं आहे. त्या कार्डाच्या पाठीला सोनेरी पट्ट्यांच्या दोन ओळी असतात. माझ्या कॅमेऱ्याच्या खाचेत एकाच ओळीची सोय आहे. ते कार्ड चालेल, पण साध्या कार्डाच्या वेगाने, कारण एका ओळीच्या ठरलेल्या मानकाची मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. म्हणजे ज्या वेगाचे पैसे भरायचे तो वेग माझ्या कॅमेऱ्यात मिळणारच नाही. चॅटवरच्या एखाद्या नवख्याचं हे असतं तर सोडून दिलं असतं, पण ईमेलखाली 'तांत्रिक तज्ज्ञ' अशी सही आहे.

आता डॅशकॅमचं. मेव्हण्याची टॅक्सी मोपा विमानतळाच्या फेऱ्या करते. १२ जुलैला पर्वरीला भाड्याच्या स्कूटरवरचा एक पर्यटक डावीकडून आत घुसला, बंपर गेला आणि वर चूक मेव्हण्याचीच म्हणून वाद. मेव्हण्याने ऐटीत डॅशकॅमचं कार्ड काढून दिलं. त्यात शेवटचं चित्रीकरण ९ जुलैचं. तीन दिवस कार्ड काहीच लिहून घेत नव्हतं. तीन आठवड्यांत ते झिजलं असं मी म्हणत नाही, मुळातच खराब असेल. पण डॅशकॅम जुनं पुसून त्यावर नवं लिहीत दिवसभर चालतो, आणि कार्डातल्या प्रत्येक कप्प्यावर किती वेळा लिहिता येतं याला मर्यादा असते. म्हणून या कामाला जास्त टिकाऊ अशी वेगळी कार्डं मिळतात, पाकिटावर किती तासांचं रेकॉर्डिंग झेपेल तेही छापलेलं असतं. तुमच्या माणसाने सुचवलं ते ए१ खुणेचं कार्ड, वर "ए१ म्हणजे टॉप क्वालिटी सर" असंही लिहिलं. ए१ चा संबंध मोबाइलवर ॲप चालवण्याशी आहे, बारीकसारीक माहिती भराभर उचलण्या-ठेवण्याशी. टॅक्सीच्या काचेला चिकटवलेल्या कॅमेऱ्याला त्याचा काय उपयोग? आणि कहर म्हणजे कार्डासोबतच्या चिठ्ठीत बारीक अक्षरांत छापलं आहे की डॅशकॅम किंवा सीसीटीव्हीत वापरल्यास वॉरंटी लागू नाही. मी 'डॅशकॅमसाठी' असं लिहून विचारलं होतं.

काकांचं थोडक्यात. ते निवृत्त मुख्याध्यापक, मयेच्या तळ्यावर पक्ष्यांचे फोटो काढतात. कॅमेरा २००८ चा. त्या काळच्या कॅमेऱ्यांना एसडीएचसी म्हणजे ३२ जीबीपर्यंतचीच कार्डं समजतात. ६४ जीबीचं कार्ड एसडीएक्ससी, तो प्रकारच २००९ मध्ये आला आणि त्यातली फाइलींची मांडणीही वेगळी. कॅमेऱ्याने ते ओळखलंच नाही. काका दोन दिवस चष्मा पुसून पुसून ते काढ-घाल करत होते, आपलंच काही चुकतंय असं समजून. शेवटी मी म्हापशाहून १६ जीबीचं एसडीएचसी आणून दिलं, ते लगेच चाललं.

तिन्ही कार्डं परत घ्या म्हटलं तर तुमचं उत्तर, दहा दिवसांची मुदत संपली. कार्डं १८ जूनला पोहोचली, हंडी ७ जुलैला होती. दोष मुदतीत दिसावा म्हणून आषाढी एकादशी अलीकडे आणणं माझ्या हातात नाही.

माझं मागणं असं. तिन्ही कार्डांचे २,९४७ रुपये परत करा. बुडालेल्या कामाचे ५,००० द्या. ते देणं तुम्हाला जड वाटत असेल तर त्यावर बोलायला मी तयार आहे, कार्डांच्या पैशांवर नाही. आणि तुमच्या पानावर प्रत्येक कार्डाचा किमान लिहिण्याचा वेग त्या लाल आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होईल. तेव्हा माझ्यासारखेच कितीतरी स्टुडिओवाले घाईघाईत कार्डं मागवतील.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. माझ्या पहिल्या ईमेलला महिना पूर्ण होतो ८ ऑगस्टला. तोवर काही झालं नाही तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने गिऱ्हाइकाला राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. म्हणजे मला डिचोलीहून फार लांब जावं लागणार नाही, तुम्हाला मात्र यावं लागेल.

बिल, चॅटचे स्क्रीनशॉट, कार्डांच्या दोन्ही बाजूंचे फोटो, वेगाच्या चाचणीचा निकाल आणि थांबलेल्या चित्रीकरणाची प्रत सोबत पाठवत आहे. कार्डं माझ्याकडे पाकिटांसकट जपून ठेवली आहेत. न्यायला कुरियरवाल्याला पाठवाल तेव्हा सकाळी अकराच्या सुमारास पाठवा. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.

आपला,
डिचोलीचा एक स्टुडिओवाला ग्राहक