टेपवाल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

तुमच्या दुकानाच्या पाटीवर नाव नाही, 'रेडिओ, टेप, मिक्सर दुरुस्ती' एवढंच आहे. म्हणून पत्रातही भाऊच लिहिते. आर्वीच्या बाजारात माझ्या आजाची, आबाजींची कॅसेट रुमालात गुंडाळून आणली होती, ती मी. तुमच्याकडे रोज इतकी गिऱ्हाइकं येतात, आठवत असेल की नाही कोण जाणे. मला मात्र अजून रात्री झोपताना आठवतं आणि डोळे भरतात, म्हणून लिहायला बसले.

१९९३ साली आमच्या ओसरीत रात्रभर भजन झालं, ते काकानं टू-इन-वनवर भरून ठेवलं होतं. आबाजी तुकडोजी महाराजांच्या माणसांपैकी. मोझरीच्या पुण्यतिथीला नदी ओलांडून जायचे आणि खंजिरी कुणाच्या हाती द्यायचे नाहीत. घरात त्यांचे फोटो आहेत, पण आवाज या एकाच कॅसेटीत.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेले त्यांचंही सांगते, राग अजून गेला नाही. एकानं कॅसेट हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाला, "ही गेली. फेकून द्या. यूट्यूबवर खंजिरी भजनं ढीगभर आहेत." माझा आजा यूट्यूबवर आहे का हो? दुसरं दुकान मोठ्या शहरातलं, काचेचं, थंडगार. पैसे आधी घेतले आणि पेन ड्राइव्ह दिला. घरी लावला तर आबाजी रजई पांघरून गात असल्यासारखे ऐकू आले. खंजिरीची थाप होती, पण चकत्यांची छनछन गायब. आणि दोन भजनांमधलं सगळं कापलेलं. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, फालतू पार्ट काढून क्लीन करून दिलंय."

छनछन कुठे गेली ते तुम्ही सांगितलं तेव्हा कळलं. टेपची खसखस आणि चकत्यांचा आवाज दोन्ही वरच्या पट्टीत राहतात. खसखस काढ म्हणून कॉम्प्युटरला सरसकट हुकूम सोडला की तो छनछनही खातो. आणि टेपवरचा आवाज वाचणारं हेड जरा तिरकं असलं तर वरच्या पट्टीतलंच आधी मरतं. तुम्ही बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन, कान लावून, हेडशेजारचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करत होतात. मी स्टुलावर बसून पाहत होते. एका क्षणी चकत्या एकदम उघडल्या आणि तुम्ही माझ्याकडे न बघताच म्हणालात, "आल्या पाय."

त्याआधी तुम्ही कॅसेटीच्या मागचे दोन्ही खुट्टे मोडून टाकलेत, चुकून कुणी वरून भरू नये म्हणून. आत टेप दाबून धरणारा नमद्याचा बारका तुकडा गळून पडला होता, तो दुसऱ्या कॅसेटीतून काढून बसवलात. नव्वद मिनिटांची टेप पातळ असते, ओढली तर ताणते, असं म्हणत ती हातानं हळूहळू गुंडाळलीत. बाकीचं तुमचं तुम्हाला माहीत, मला त्यातलं काही जमायचं नाही.

पण भाऊ, मी हे पत्र त्या कागदासाठी लिहिते आहे.

नव्वद मिनिटांची कॅसेट भरायला नव्वद मिनिटंच लागतात, तिथे घाई चालत नाही. लोक बटण दाबून चहाला जातात. मध्येच लाइन गेली, तुम्ही ती बाजू पहिल्यापासून लावलीत, आणि पुन्हा बसून ऐकलीत. पेन ड्राइव्हसोबत बिलबुकाचं एक पान माझ्या हातात ठेवलंत. मला वाटलं बिल. घरी उघडून पाहिलं, तर निळ्या पेनानं लिहिलेलं होतं:

"३ मि. प्रार्थना. ११ मि. कोणी म्हणते, कंदिलाची वात वाढवा. १८ मि. बाई हसली. २६ मि. लेकरू रडते, बुवा म्हणते आणा इकडे, मंग पुढचं भजन."

आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी, जिथे काकानं नंतर सिनेमाची गाणी भरली होती, तिथे फक्त "इथून पिक्चर".

दुसऱ्यांनी ज्याला फालतू म्हणून कापलं, त्याची तुम्ही मिनिटं लिहून दिलीत. आमच्या घरातलं कोण आहे, कोण गेलं, तुम्हाला काय माहीत? तरी 'बाई हसली' हे लिहावंसं वाटलं तुम्हाला.

आजी आता फार चालत नाही, कानानं पक्की आहे. तिला अठरावं मिनिट लावून दिलं. "अवो, हे तं आमची मोठी जाऊबाई व्हय," म्हणाली. "साऱ्या जन्मात पदर तोंडाले लावून हसली ते. कॅसेटीत कशी आली?" मग तेच पुन्हा लाव म्हणाली. भजन नंतर ऐकलं. सव्विसाव्या मिनिटाचं लेकरू मी आहे, हेही तिनंच सांगितलं. आबाजींनी मला मांडीवर घेतलं असणार, कारण पुढच्या भजनात खंजिरी जरा अडखळते.

काचेच्या दुकानात मशीन तुमच्यापेक्षा भारी असेल. पण समोरच्याची वस्तू त्याला का लागते, एवढा विचार करणारा माणूस मला त्या कळकट टेबलामागे भेटला. असे लोक हापिसात, बँकेत, दवाखान्यात एकेक जरी असते तरी आमच्या गावच्या लोकांच्या अर्ध्या चकरा वाचल्या असत्या.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मोठी डब्ल्यूएव्ही फाईल दोन ठिकाणी जपून ठेवली आहे. ती मिनिटाला दहा एमबी खाते, म्हणून नातेवाइकांना लहान एमपीथ्री पाठवली. त्याचा परिणाम असा झाला की काकूच्या पेटीतून आणखी कॅसेटी निघाल्या. काहींवर पांढरी बुरशी दिसते. कुठल्याही टेपात घातल्या नाहीत, बुरशी हेडला लागते असं तुम्ही बजावलं होतं. दिवाळी झाली की पिशवीच घेऊन येते. या वेळी भाव आधी ठरवायचा, आणि त्या काचेच्या दुकानाएवढा घ्यायचा. मागच्या वेळी तुम्ही घेतले ते पैसे आजीला सांगितले तर तिनं मलाच झापलं.

तुमची,
सव्विसाव्या मिनिटाची पोरगी