बदामी रंगासाठी, पेंटरदादांना

दादा,

काम संपवून शिडी खांद्यावर घेऊन तुम्ही निघालात तेव्हा माझ्या तोंडून नुसतं "बरं झालं काम" एवढंच आलं. गळा दाटून आला होता. राहिलेलं इथे सगळ्यांसमोर लिहिते.

हॉलला बदामी द्यावा की बिस्किटी, एवढंच विचारायचं होतं. दुकानात शेड कार्ड पुढ्यात सरकवून सांगितलं, "दोन्ही सारखेच, कुठलाही न्या." घर सजवून देणाऱ्या एकांनी आधी फी घेतली आणि घरात पाऊल न टाकता मोबाईलवर दुसऱ्याच कुणाच्या हॉलचा फोटो धाडला. सारखे कसे असतील? गोव्यातल्या डिचोलीतलं आमचं जुनं चिऱ्यांचं घर, खाली तांबडा कोबा, मागच्या खिडकीला टेकलेलं कुळागर, म्हणजे पोफळींची बाग.

तुम्ही दोन मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात देऊन, पुरते वाळवून आणलेत. खिडकीपाशी पोफळींच्या हिरव्या उजेडात बिस्किटी आजारी दिसायला लागला. बदामीतली गुलाबी झाक त्या हिरव्याला मारत होती, म्हणून तो तिथे छान राहिला. पण कोब्याजवळ नेला की तोच तांबूस व्हायचा. ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब आणि पिवळा दिवा, दोन्हींत तुम्ही दाखवलंत.

आणि मग हात पुसून सासूबाईंच्या खुर्चीशेजारी खाली बसलात. आधीच्या कुणी त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पुठ्ठे त्यांच्या डोळ्यांसमोर धरून म्हणालात, "आजी, या भिंतीकडे दिवसभर तुम्हीच बघणार. कुठला बरा वाटतो?" आई पटकन बोलत नाहीत. तुम्ही हात खाली न घेता थांबलात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना फार उजळ भिंत डोळ्यांवर येते, हे त्यांनी आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं. मग म्हणाल्या, "बदामीच. कोब्याकडे लाल दिसतो तेवढा फिका करा." तुम्ही तसाच करून आणलात. भिंतीवर तो आता सकाळीही बरा दिसतो आणि दिवा लावल्यावरही.

मोठाल्या पाट्या लावून बसलेल्यांना हे जमलं नाही. ज्याच्या घरात काम करायचं त्याला आधी माणूस म्हणून विचारणारे कारागीर आमच्या गावागावांत अजून आहेत, त्यांची पाटी कुठेच नसते. लोकांनी त्यांना शोधावं, मजुरीत घासाघीस करू नये.

गणेशचवथीला वहिनींना आणि मुलांना घेऊन जेवायला यायचं. तुमच्या नेवऱ्या वेगळ्या काढून ठेवायला आईंनी मला आत्ताच बजावलंय.

तुमची,
डिचोलीची वहिनी